घर सजवणाऱ्याचा परवाना कोण बघतो?

हातातलं काम चालू ठेवा, भाकरी थापता थापता ऐका.

आज आम्ही एका अशा माणसाबद्दल बोलणार आहोत, जो दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्या गावात फारसा नव्हता. आता विरार, नालासोपारा, नायगाव, वसईत स्टेशनच्या बाहेर पडलं की त्याच्याच पाट्या दिसतात. पारोळ, शिरसाडपर्यंतही तो पोचला आहे. त्याला आपण ‘इंटीरियरवाला’ म्हणतो. घराच्या आतली रचना, ओटा, कपाटं, छताखालचं दुसरं छत, दिवे, फरशी, रंग हे सगळं तो करून देतो.

तुम्ही म्हणाल, हा तर पैसेवाल्यांचा विषय. तसं राहिलेलं नाही. गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज वाचताना आम्ही बघतो. पूर्वी कर्ज बियाण्याला, बाळंतपणाला, फीला लागायचं. आता त्यात घरदुरुस्ती आली आहे. मुलानं विरारला खोली घेतली, तिथं ओटा करायचा आहे. लग्न ठरलंय, पुढची खोली नीट करायची आहे. आणि दुसरीकडं आपल्यातल्याच कितीतरी बाया याच धंद्यात हातानं राबतात. कुणी पडदे शिवते, कुणी भिंतीवर वारली चित्रं काढते, कुणी फरशीच्या कामावर बिगारी आहे. म्हणजे पैसे देणाऱ्याही आपण आणि मजुरी घेणाऱ्याही आपणच.

म्हणून एक साधा प्रश्न विचारूया. या इंटीरियरवाल्याला हे काम करायचा परवाना कोण देतं?

उत्तर असं आहे की कोणीच देत नाही. आपल्या देशात इंटीरियर डिझायनर म्हणून पाटी लावायला सरकारी परवाना लागत नाही. चार वर्षं कॉलेजात शिकलेली मुलगीही ती पाटी लावू शकते, आणि कालपर्यंत दुसरंच काही विकणारा माणूसही लावू शकतो. कायद्याच्या नजरेत दोघं सारखेच.

आर्किटेक्टचं तसं नाही. त्यांच्यासाठी १९७२ साली संसदेनं वास्तुविशारद कायदा केला. त्यांची परिषद आहे, नोंदवही आहे. तिथं नाव असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. पण यातही एक गोम आहे. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा कायदा ‘आर्किटेक्ट’ या नावाचं रक्षण करतो. ते नाव न लावता कोणी तशा प्रकारचं काम केलं, तर एवढ्यावरून या कायद्यानं त्याला अडवता येत नाही. इंटीरियरवाल्याला तर नावाचंही बंधन नाही. त्यांची एक देशपातळीवरची संस्था आहे, तीही १९७२ पासूनची. पण तिचं सभासद होणं ऐच्छिक आहे. झालं तर चांगलं, नाही झालं तरी धंदा चालतो.

आता गंमत बघा. आपल्या राज्यात घर विकून देणाऱ्या दलालाला महारेरानं २०२३ मध्ये प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. विजेची वायर टाकणाऱ्या ठेकेदाराला राज्य शासनाचा परवाना लागतो, वायरमनलाही लागतो. इमारत मजबूत आहे असा दाखला देणारा स्ट्रक्चरल इंजिनीअर महापालिकेकडं नोंदलेला असावा लागतो. म्हणजे घर दाखवणाऱ्याची परीक्षा आहे, वायर ओढणाऱ्याला परवाना आहे. पण त्याच घरात शिरून कुठली भिंत पाडायची, कुठं भोक पाडायचं, वायर कुठल्या छतात लपवायची हे ठरवणाऱ्याला मात्र काहीच लागत नाही.

यानं बिघडतं काय? रंग वाईट लागला तर डोळ्याला खुपेल, जीव जाणार नाही. पण सगळी कामं रंगाची नसतात.

२५ जुलै २०१७. मुंबईत घाटकोपरला सिद्धी साई नावाची चार मजली इमारत कोसळली. १७ माणसं गेली. तळमजल्यावर फेरबदलाचं काम चालू होतं आणि त्यात इमारतीच्या खांबांना धक्का लावला गेला, असा आरोप रहिवाशांनी केला. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. वरच्या मजल्यावरच्या माणसांनी आपल्या घरात काहीच केलं नव्हतं. खाली कोणीतरी जागा मोकळी करत होतं, एवढंच त्यांना माहीत होतं.

आपल्या विरारलाही ऑगस्ट २०२५ मध्ये रमाबाई अपार्टमेंट पडली आणि तिथंही १७ जीव गेले. तिची गोष्ट वेगळी आहे. ती इमारतच अनधिकृत होती. पण दोन्ही ठिकाणची शिकवण आपल्याला लागू पडते. आपल्या भागात कितीतरी इमारती अशा आहेत, ज्यांच्या कागदांचा आणि मजबुतीचा भरवसा नाही. ज्या घराचं हाड मुळातच कच्चं आहे, त्यात हातोडा घालताना दहा वेळा विचार करायला हवा.

घराचं हाड म्हणजे काय, हेही समजून घेऊ. नव्या इमारतीत वजन पेलतात ते खांब आणि आडव्या तुळया, म्हणजे कॉलम आणि बीम. मधल्या विटांच्या भिंती बहुतेक वेळा नुसत्या आडोशाच्या असतात. पण जुन्या घरांत, वसई-आगाशीकडच्या जुन्या वाड्यांत, कौलारू घरांत, भिंतच छताचं वजन उचलते. तिथं मधली भिंत काढली की छप्पर निराधार. बाहेरून दोन्ही भिंती सारख्याच दिसतात. फरक जाणकारालाच कळतो. एसीची नळी न्यायला बीममध्ये भोक पाडलं, आतली सळई कापली गेली, वर प्लास्टर झालं, की कुणाला दिसणार? जुन्या फरशीवर नवी फरशी, त्यावर आणखी एक, असं वजन वाढत जातं. न्हाणीघराची फरशी उखडताना खालचा पाणी अडवणारा थर फुटला, तर पाणी झिरपत सळईपर्यंत जातं. सळई गंजून फुगते आणि सिमेंटचे पोपडे पडायला लागतात. अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत खारा वारा आहे, त्यात चार महिने मुसळधार पाऊस. आपल्याकडं गंज लवकर चढतो.

विजेचंही तसंच. छताखाली शोभेचं छत केलं की वायरींचे सगळे जोड त्याच्या वर लपतात. जोड सैल असेल तर तो तापतो. वर प्लायवूड, खाली पडदे. आग लागायला आणखी काय हवं?

मग तुमच्या मनात येईल, सरकारनं सरळ कायदा करावा. परवाना नसेल तर इंटीरियरचं कामच करू देऊ नये. आमच्या चर्चेतही काही जणींचं हेच म्हणणं होतं. पण नाण्याची दुसरी बाजू बघूया.

अमेरिकेत काही राज्यांनी नेमका असा कायदा केला होता. फ्लोरिडा राज्यात दुकानं, कचेऱ्या, हॉटेलं यांच्या आतल्या सजावटीचं काम करायला परवाना सक्तीचा होता. त्यासाठी शिक्षण आणि अनुभव मिळून सहा वर्षं आणि वर परीक्षा. झालं काय, तर हाताला चांगलं वळण असलेली पण कॉलेजात न गेलेली माणसं धंद्याच्या बाहेर राहिली. त्यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी २०२० मध्ये फ्लोरिडानं ती सक्ती काढून टाकली. अलाबामा राज्याचा असाच कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००७ सालीच रद्द केला होता. उशांचा रंग आणि खुर्च्यांची मांडणी सांगायला सरकारी परवाना कशाला, हा तिथला मुख्य सवाल होता.

आता हाच सवाल आपल्या पालघर जिल्ह्यात आणून ठेवा. डहाणू, जव्हार, विक्रमगड, तलासरीच्या पाड्यांवर लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहिला जातो. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी, मागं सारवलेली भिंत. हे काम पूर्वापार सवाशिणींचं. घराची भिंत सजवणारी पहिली डिझायनर आपल्याकडं हीच बाई. तिच्याकडं कुठलं सर्टिफिकेट होतं? पुढं गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली. सरकारनं २०११ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. तेही कुठल्या डिझाइन कॉलेजातून आलेले नव्हते. आज वसईच्या फ्लॅटमधल्या, हॉटेलातल्या भिंतींवर वारली चित्रं असतात. उद्या सरसकट परवान्याचा कायदा झाला आणि त्याला पदवीची अट लागली, तर त्या भिंतीवर चित्र काढणारी पाड्यावरची बाई बेकायदा ठरेल आणि संगणकावरून तेच चित्र छापून चिकटवणारा कायदेशीर. हे आपल्याला चालेल का?

म्हणून आमचं म्हणणं असं आहे. सरकारनं शिक्का मागावा, पण जिथं जीव जातो तिथं मागावा. भिंत, खांब, बीम, वीज, गॅस, न्हाणीघराचं पाणी, या कामांवर नोंदलेल्या जाणकाराची सही सक्तीची हवी. ती नसेल तर काम थांबवायला हवं. रंग, पडदे, चित्रं, गाद्या, मांडणी, यावर सक्ती नको. तिथं ज्याला-जिला हवं त्यानं प्रमाणपत्र घ्यावं. ते मराठीत मिळावं, त्याची फी परवडणारी असावी, आणि त्यात पुस्तकापेक्षा हाताच्या कामाची परीक्षा असावी. वीस वर्षं पडदे शिवणाऱ्या ताईला पुन्हा पहिलीत बसवू नये.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर काम तर चालूच राहणार. तेव्हा आज आपल्या हातात काय आहे ते बघूया.

आधी घर करून घेणाऱ्या मैत्रिणींसाठी.

पहिली गोष्ट. भिंतीला हातोडा लागणार असेल, तर इंटीरियरवाल्याच्या शब्दावर जाऊ नका. महापालिकेकडं नोंदलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा आणि त्याच्याकडून लेखी घ्या. सोसायटी असेल तर तिला आधी कळवा. इमारत ३० वर्षांच्या पुढची असेल, तर महापालिका कायद्यानुसार तिची मजबुती तपासून दाखला घ्यावा लागतो. तो दाखला आहे का, हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. घर नवं असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. रेरा कायद्यानं ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातला दोष बिल्डरनं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो. पण तुम्हीच भिंत फोडली असेल, तर तो तुमच्याकडंच बोट दाखवणार.

दुसरी गोष्ट. विजेचं काम करणाऱ्याचा परवाना बघा. इंटीरियरवाल्याला सांगा, “भाऊ, वायरमन तुमचा असू दे, पण परवाना मला दाखवा.” अर्थिंग आहे का, झटका बसला तर वीज आपोआप तोडणारा स्विच बसवला आहे का, हे विचारा. गॅसची नळी हलवायची असेल तर गॅस एजन्सीचाच माणूस बोलवा.

तिसरी गोष्ट. माणसावर शिक्का नसला तरी मालावर असतो. वायरवर आयएसआय चिन्ह बघा. प्लायवूडवर नंबर छापलेला असतो. ३०३ नंबरचं प्लायवूड साध्या कामाचं. ७१० नंबरचं पाण्याला टिकणारं, मोरीजवळ आणि ओट्याखाली लागणारं. बिलात ७१० लिहून ओट्याखाली हलकं प्लाय घातलं तर दोन पावसाळ्यांत ते फुगतं. माल उतरवताना स्वतः उभं राहून नंबर बघा. अक्षर वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला वाचायला लावा.

चौथी गोष्ट, पैशांची. आमच्या ओळखीतल्या एका ताईनं गटाचं कर्ज काढून ओट्याचं आणि कपाटाचं काम दिलं. ठेकेदारानं निम्म्याहून जास्त पैसे आधीच घेतले, कपाटाचे सांगाडे उभे केले आणि फोन उचलणं बंद केलं. हप्ता मात्र दर महिन्याला चालूच. ताईकडं ना पावती, ना करार. तक्रार करायची तरी कशाच्या जोरावर? म्हणून साध्या कागदावर का होईना, लिहून घ्या. काय काम, कुठला माल, किती पैसे, कधी संपणार. दोघांच्या सह्या. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या, जेवढं काम तेवढे पैसे. शेवटचा हप्ता काम नीट बघून झाल्यावर. रोख दिलेत तर पावती, नाहीतर बँकेतून द्या, म्हणजे नोंद राहते. कामाचे फोटो काढून ठेवा.

आणि तरी फसवणूक झाली तर? घर सजवून देणं ही पैसे घेऊन दिलेली सेवा आहे. तिला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडं तक्रार करता येते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते, ठेकेदाराच्या गावाला जायची गरज नाही. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. म्हणून “जाऊ दे, देव बघेल” म्हणत वर्षं घालवू नका.

आता हातानं काम करणाऱ्या मैत्रिणींसाठी.

तुम्ही फरशी, रंग, प्लास्टर, सुतारकाम, शोभेचं छत अशा कामावर असाल, मग ती बिगारी का असेना, तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. मंडळाच्या कामांच्या यादीत घराच्या आतल्या सजावटीचं कामही धरलेलं आहे. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. या नोंदणीवर मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला, बाळंतपणाला मदतीच्या योजना आहेत. पाटी लावणाऱ्याची सरकारकडं नोंद नसेल, पण राबणाऱ्या हातांची होऊ शकते. ती करून घ्या.

शिवणकाम, सुतारकाम, गवंडीकाम, टोपल्या-चटया विणणं, यापैकी काही पारंपरिक काम स्वतःच्या हिमतीवर करत असाल, तर पीएम विश्वकर्मा योजना बघा. ती १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली आणि तिच्यात १८ प्रकारचे कारागीर आहेत. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं. थोड्या दिवसांचं प्रशिक्षण असतं, त्यात दिवसाला ५०० रुपये भत्ता. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. पुढं पाच टक्के व्याजानं आधी एक लाख आणि मग दोन लाखांपर्यंत कर्ज. अर्ज सामायिक सुविधा केंद्रात होतो, पडताळणी ग्रामपंचायतीपासून सुरू होते. कुटुंबातल्या एकाच माणसाला लाभ मिळतो. म्हणून घरात आधी ठरवा, शिवणयंत्र तुम्ही चालवता तर नाव तुमचंच जायला हवं.

वारली चित्रं या १८ मध्ये नाहीत. पण वारली चित्रांना भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे ही कला कुठल्या मातीतली, कुणाची, याची सरकार दरबारी नोंद आहे. या मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून कलाकारांना नाव नोंदवता येतं. नोंदणी गटानं मिळून केली तर सोपी जाते.

आणि ज्यांच्या लेकी दहावी झाल्यात, त्यांच्यासाठी. आयटीआयमध्ये इंटीरियर डिझाइन आणि सजावटीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. कुठल्या आयटीआयमध्ये जागा आहेत ते प्रवेशाच्या वेळी विचारा. मुलगी फक्त पडद्याचा रंग सांगायला शिकेल असं समजू नका. ती माप घ्यायला, नकाशा काढायला, हिशोब लावायला शिकेल. उद्या परवान्याचा कायदा आलाच, तर तिच्या हातात कागद असेल.

मैत्रिणींनो, एवढं सगळं एका दिवसात होणार नाही, आणि एकटीनं तर नाहीच. म्हणून आमचा एक प्रस्ताव आहे. पुढच्या गटाच्या बैठकीत घरदुरुस्तीचं कर्ज मागणारा अर्ज आला की त्याला तीन प्रश्न जोडा. भिंत किंवा खांब हलणार आहे का, आणि हलणार असेल तर इंजिनीअरचा कागद कुठं आहे? वायरमनचा परवाना बघितला का? कामाचा लेखी करार झाला का? तिन्हींची उत्तरं वहीत लिहा, मगच कर्जाचा ठराव करा. यानं कुणाचं कर्ज अडणार नाही, दोन-चार दिवस उशीर होईल एवढंच. पण इंटीरियरवाल्यालाही कळेल की या गावच्या बाया विचारतात. सरकारनं अजून विचारलेलं नाही, तोवर आपण विचारूया.

बैठकीत काय ठरलं ते आम्हाला कळवा. चांगला वायरमन, प्रामाणिक सुतार, भिंत ओळखणारा इंजिनीअर तुमच्या गावात असेल, तर त्यांची यादी गटाच्या वहीत करून ठेवा आणि शेजारच्या गटालाही द्या. आणि त्या यादीत पडदे शिवणाऱ्या, रंग देणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या आपल्या बायांची नावं सगळ्यात वर लिहायला विसरू नका.

नमस्कार.